सातशे बार दाबाचा हायड्रोजन कसा मोजतात

शंभर लिटरच्या टाकीत 15 अंश सेल्सिअसला, 700 बार दाबाखाली किती हायड्रोजन मावेल? आदर्श वायूच्या समीकरणानं उत्तर येतं सुमारे 5.9 किलो. प्रत्यक्षात मावतो 4 किलो. एवढ्या दाटीत रेणूंमधलं प्रतिकर्षण आकर्षणावर मात करतं आणि त्या घनतेला दाब हिशेबाच्या जवळजवळ दीडपट भरतो. ही पट नेमकी किती, हे प्रयोगानंच ठरवावं लागतं.

त्यासाठीची बर्नेट पद्धत मला अतिशय देखणी वाटते. दोन समान पात्रं एकाच तापमानाला ठेवायची. एकात वायू, दुसरं निर्वात. मधली झडप उघडायची, तापमान स्थिरावलं की दाब टिपायचा, दुसरं पात्र रिकामं करून पुन्हा तेच. दर खेपेला घनता निम्मी होते. दाब मात्र 700 वरून 350 ला न थांबता 280 च्या आसपास उतरतो, पुढे 130 च्या. म्हणजे गुणोत्तर अडीचवरून हळूहळू 2 कडे सरकतं, आणि या सरकण्यातूनच प्रत्येक दाबाला वायू आदर्शापासून किती ढळला ते निघतं. वायू तोलावा लागत नाही. खरी अडचण पात्राची: दाबानं ते किंचित फुगतं, आणि ती दुरुस्ती चुकली तर सगळे आकडे चुकतात. जपानच्या क्युशू विद्यापीठात याच पद्धतीनं 1000 बारपर्यंत मोजमापं झाली आहेत.

अशा मोजमापांवरून दाब, तापमान आणि घनता यांना जोडणारं अवस्था-समीकरण बांधतात. पुढे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात गेलेले जेकब लीचमन यांनी सहकाऱ्यांसह 2009 मध्ये ऑर्थो आणि पॅरा या हायड्रोजन-रेणूच्या दोन रूपांसाठी आणि त्यांच्या मिश्रणाच्या सामान्य हायड्रोजनसाठी अशी समीकरणं प्रसिद्ध केली. अ‍ॅमस्टरडॅमची 1959 ची मोजमापं आजही अशा कामाचा आधार आहेत. लीचमन यांच्या सामान्य हायड्रोजनच्या समीकरणात 250 ते 450 केल्विनदरम्यान, 3000 बारपर्यंत, घनतेची अनिश्चितता 0.04 टक्के आहे. चार किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास!

उष्माधारकतेत मात्र ही अनिश्चितता 1 टक्का आहे, आणि मला चिंता वाटते ती याची. टाकी भरताना वायू तापतो; म्हणून तो उणे 40 अंशांपर्यंत थंड करून सोडतात आणि टाकीला 85 अंशांची मर्यादा घालतात. 15 अंशांना 700 बार दाखवणारा तोच साठा 85 अंशांना 875 दाखवतो. भरताना तापमान कुठवर चढेल, हे उष्माधारकतेवरूनच काढायचं असतं. यापुढची मेहनत घनतेपेक्षा तिच्या मोजमापावर व्हायला हवी.