हत्ती गेला, मोटार आली

पूर्वी श्रीमंती मोजायची रीत सोपी होती. दारात हत्ती झुलतो की नाही, एवढंच बघायचं. हत्ती मिळवणं ही काही फार मोठी गोष्ट नव्हे. तो नजराण्यातसुद्धा यायचा. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायची, कारण हत्ती रोज सकाळी भुकेला उठतो. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हत्ती हा भांडवली खर्च आणि त्याचा चारा हा महसुली खर्च. माणूस बुडतो तो नेहमी दुसऱ्या रकान्यात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या राजेरजवाड्यांनी हत्तीशेजारी मोटार आणून बांधली. १९०८ साली मुंबई-कोल्हापूर अशी मोटारींची एक जंगी चाचणी झाली. ६२० मैलांची मजल, वाटेत सहा घाट आणि रस्ते म्हणजे बैलगाडीच्या चाकोऱ्या! ती रोल्स-रॉइसच्या एका गाडीनं जिंकली. 'पर्ल ऑफ द ईस्ट' हे तिचं नाव. पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतली. पाहुण्यांना ब्रँडी आणि चिरूट पोचवायला याच माधवरावांनी जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी पळवली होती. त्या आगगाडीला निदान पेट्रोल लागत नव्हतं.

रोल्स-रॉइसचं तसं नव्हतं. गाडी इंग्लंडची, तिचा स्क्रू इंग्लंडचा, आणि शोफरला गाडी कशी सांभाळावी हे शिकवायची कंपनीची शाळाही इंग्लंडातच. म्हणजे इकडे एक नट पडला की तिकडे पत्र जाणार, मग नट बोटीत बसणार, मुंबईला उतरणार, आगगाडीनं संस्थानात पोचणार. तोवर महाराज कशात बसणार? हत्तीवर! मोटारी आल्या तरी हत्तीखाना मोडला नाही, त्याचं कारण केवळ परंपरा नसावी.

महाराजांनी अपमानाचा सूड म्हणून रोल्स-रॉइसमधून कचरा वाहिला, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती अलवारच्या नावावर सांगतात, पतियाळाच्या नावावर सांगतात, आणखीही दोन-तीन गाद्यांना चिकटवतात. व्हाउचरशिवाय काही न मानणाऱ्या माझ्यासारख्याला ती पटत नाही. एक गोष्ट चार खात्यांवर जमा दिसली की कारकुनाला वास येतोच.

देखभालीचा प्रश्न खऱ्या अर्थानं कुणी सोडवला असेल तर तो आमच्या शेजारच्या निजामानं. सहाव्या निजामानं, महबूब अली खानांनी, सिंहासन बसवलेली एक पिवळी रोल्स-रॉइस मागवली आणि ती येण्याआधीच, १९११ साली, ते वारले. सातवे निजाम उस्मान अली खान काटकसरीबद्दल जगप्रसिद्ध. ही गाडी म्हणे पहिल्या पस्तीस वर्षांत चारशे मैलसुद्धा धावली नाही. हैदराबादहून सोलापूरला एकदा येऊन परत गेली असती तर जेमतेम तेवढे मैल भरले असते. गाडी वापरायचीच नाही, याहून स्वस्त देखभाल कोणती?

बाकीच्यांचं १९४७ नंतर अवघड झालं. संस्थानं विलीन झाली आणि राजांना तनखा मिळू लागला. पूर्वेकडच्या संस्थानांसाठी त्याचं सूत्र असं : सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या पहिल्या लाखावर १५ टक्के, पुढच्या चार लाखांवर १० टक्के, त्यावर साडेसात टक्के, आणि कमाल मर्यादा दहा लाख. म्हणजे पाच लाख उत्पन्नाच्या छोट्या राजाला वर्षाला पंधरा अधिक चाळीस, एकूण पंचावन्न हजार. त्यात वाडा, नातेवाईक, जुने नोकर, त्यांची मुलंबाळं आणि शिवाय लिटरमागे चार-पाच किलोमीटर देणारी गाडी! १९७१ साली तनखाही बंद झाला. पुष्कळ गाड्यांवर कापड पडलं ते तेव्हापासून. गाडी पुसणाऱ्या माणसाचं काय झालं हे मात्र इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही. त्याचा पगारही त्याच महसुली रकान्यात होता.

नट बोटीतून येतो हे खरं दुखणं ज्यानं ओळखलं, तो माणूस आमच्या सोलापूरचा. शेठ वालचंद हिराचंद, जन्म १८८२. रेल्वेची कंत्राटं, बोटी, विमानं, साखर, सगळ्यात हात घालून झाल्यावर त्यांनी मोटारींकडे मोर्चा वळवला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली; इंग्रज सरकारनं 'हा काही युद्धाला अत्यावश्यक धंदा नव्हे' म्हणून कानावर हात ठेवले. तरी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली, कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे फियाटशी करार झाला. १९५३ साली शेठजी गेले. त्यांच्या कारखान्याच्या फियाटला १९७४ मध्ये 'पद्मिनी' हे नाव मिळालं, तेव्हा ती बघायला ते नव्हते.

पद्मिनी ही चैनीची गाडी नव्हे, असं आजची मुलं म्हणतील. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघायला लावणारी वस्तू चैनीची नाही तर काय? पण तिच्यात एक गुण होता. ती कुठेही बिघडली तरी जवळच्या झाडाखाली तिला ओळखणारा मिस्त्री असायचा. एक पाना, एक पक्कड, थोडी शिवीगाळ, की गाडी सुरू. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात उतरली, तोपर्यंत ती अशीच चालत राहिली.

परदेशी गाडीवर मात्र आमच्या आयकर कायद्याचा जुना राग. २८ फेब्रुवारी १९७५ नंतर आणि १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या परदेशी मोटारीवर, ती पर्यटकांसाठी भाड्यानं चालवत नसाल तर, साधारणतः घसाराच मिळत नसे. म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षं या देशात देशी गाडी झिजत होती आणि परदेशी गाडी, निदान सरकारदरबारी, अजरामर होती!

आता जर्मन गाड्या सोलापुरातही दिसतात. उन्हाळ्यातल्या आमच्या धुळीत त्या बघून मला त्यांच्या एअर फिल्टरची दया येते. आमचे एक खातेदार आपली गाडी सर्व्हिसिंगला थेट पुण्याला नेतात. अडीचशे किलोमीटर जायचं आणि बिल घेऊन यायचं. परवा ते काउंटरवर आले.

"साहेब, गाडीच्या कामासाठी थोडं कर्ज मिळेल का?"

"तारण काय देणार?"

"गाडीच."

मी लेजर उघडून दाखवलं. गाडी आमच्याकडेच तारण होती.