लक्ष कमी, की लगाम सैल?

वर्गात पाच मिनिटं स्वस्थ न बसणारं मूल घरी मोडकं घड्याळ उघडून बसलं, की दोन दोन तास हाकेला ओ देत नाही. मग आपण म्हणतो, ‘मनात आणलं की याचं बरोबर लक्ष लागतं, हा नुसता आळस!’ हा निष्कर्ष तपासायचा तर अवधानन्यूनता-अतिचंचलता विकाराचा, म्हणजेच एडीएचडीचा, इतिहास पाहायला हवा.

एकाच विषयावर लक्ष टिकवता न येणं काहींच्या बाबतीत जन्मजात असतं आणि ते शिक्षणाच्या आड येतं, असं अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश डॉक्टरांनी 1798 मध्येच लिहून ठेवलं होतं. पुढे 1902 मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्यानं दिली. मुलांची बुद्धी सामान्य होती. पण स्टिल यांनी दोषाला नाव दिलं ते ‘नैतिक नियंत्रणा’तल्या उणिवेचं. कारण शारीरिक असू शकेल असं त्यांना वाटत असूनही नावात नीती शिरली. 1968 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात या विकाराची नोंद झाली, तेव्हा भर होता चुळबुळीवर. वर्गाला त्रास होतो तो चुळबुळीचाच! खिडकीबाहेर पाहत गप्प बसणारी मुलं-मुली त्यामुळे नजरेआड राहिली.

मॉन्ट्रिअलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात व्हर्जिनिया डग्लस यांनी वेगळी वाट धरली. 1969 च्या एका प्रयोगात, प्रत्येक बरोबर उत्तराला लगेच दाद मिळाली तेव्हा अतिचंचल मुलं इतर मुलांच्या जवळपास पोहोचली. दाद अधूनमधूनच मिळू लागली, तेव्हा मात्र ती मागे पडली. म्हणजे लक्ष देण्याची क्षमता त्यांच्याकडे होती. कमी पडत होता तो लक्षावरचा ताबा. अशा संशोधनामुळे 1980 च्या वर्गीकरणात ‘अवधान’ हा शब्द विकाराच्या नावातच आला. पण त्याला ‘न्यूनता’ चिकटली आणि नवा गैरसमज रुजला.

घड्याळाचा प्रत्येक स्क्रू फिरवला की लगेच काहीतरी घडतं. पाढे लिहिताना तसं होत नाही. आवडीच्या कामात असं बुडून जाण्याला ‘हायपरफोकस’ म्हणतात. त्यातून वेळेवर बाहेर पडता न येणं, हेही ताबा सैल असल्याचंच लक्षण असू शकतं. तन्मय तर आपण सगळेच होतो. त्यामुळे निदानाच्या अधिकृत निकषांत, 2013 च्या आवृत्तीतही, हायपरफोकस नाही. एवढ्यावरून विकार आहे असं म्हणता येत नाही, तसंच नाही असंही म्हणता येत नाही. निदान तज्ज्ञांनीच करायचं.

या विकारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईवडिलांच्या लाडांनी तो होत नाही, आणि छडीने जातही नाही. शिक्षकांच्या हातात मात्र बरंच काही आहे. दहा गणितं एकदम देण्याऐवजी दोन-दोन द्यावीत, ती लगेच तपासावीत, आणि रमलेल्या मुलाला काम थांबवण्याआधी पाच मिनिटं सूचना द्यावी. डग्लस यांच्या प्रयोगातली ‘लगेच दाद’ वर्गात आणायला खर्च काहीच येत नाही.