वाळूच्या नळीतले वीस दिवस

1877 साली फ्रान्समध्ये थिओफिल श्लेसिंग आणि आशिल म्युंट्झ या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी एक लांब नळी वाळू आणि चुनखडीने भरली आणि वरून हळूहळू गटाराचं पाणी सोडलं. प्रश्न शेतीचा होता. सांडपाण्यातला अमोनिया जमिनीत मुरताना त्याचं नायट्रेट कसं होतं? पहिले वीस दिवस काहीच घडलं नाही. वरून जाणारा अमोनिया जसाच्या तसा खालून निघत राहिला. मग नायट्रेट दिसू लागलं, वाढत गेलं, आणि अखेर खालच्या पाण्यात अमोनिया उरलाच नाही. वाळू तीच, चुनखडी तीच. नुसती रासायनिक क्रिया असती तर तिने वीस दिवस वाट कशाला पाहिली असती? खात्री करायला त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तर काम ठप्प. क्लोरोफॉर्म निघून गेल्यावरही ते ठप्पच राहिलं. शेवटी मूठभर माती कालवलेलं पाणी वरून ओतलं आणि काही दिवसांत नायट्रेट पुन्हा येऊ लागलं. मासेही पाण्यात अमोनियाच सोडतात आणि तो त्यांना विषारी असतो, म्हणून घरच्या छोट्या फिश टँकला फिल्टर कोणता घ्यावा आणि तो चालता कसा करावा, याचं बहुतेक उत्तर या नळीत आहे. मासे पाळणाऱ्यांना ते सापडायला मात्र फार वेळ लागला. त्या उशिराचं कारण छंदाच्या जन्मातच आहे, असं माझं मत आहे.

हा छंद जन्मला तो श्वासाच्या विचारातून. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1849 मध्ये सुमारे बारा गॅलनच्या काचपात्रात अर्ध्यापर्यंत पाणी भरलं आणि त्यात दोन लहान गोल्डफिश व व्हॅलिस्नेरियाचं एक रोप सोडलं. माशाने प्राणवायू घ्यायचा, रोपाने तो परत द्यायचा, असा हिशेब. काही दिवसांत जुनी पानं कुजली, पाणी गढूळ झालं, काचेवर बुळबुळीत थर चढला. तेव्हा त्यांनी तळ्यातल्या पाचसहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं फस्त केली, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, पाणी निवळलं. पुढल्या वर्षी त्यांनी हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं आणि ‘समतोल टाकी’ ही कल्पना रुजली. पण त्याच टिपणात त्यांनी तळाशी काय घातलं होतं तेही नोंदवलं आहे: वाळू, चिखल आणि चुनखडीचे दगड. म्हणजे श्लेसिंगच्या नळीतलं सामान, वर विरजण म्हणून चिखल. अमोनियाची विल्हेवाट तिथे लागत असणार, पण 1850 मध्ये ते ओळखण्याचं साधन कोणाकडेच नव्हतं.

पुढचा योगायोग कादंबरीत घातला तर ओढूनताणून आणलेला वाटेल. याच वॉरिंग्टन यांचा मुलगा, नावाने रॉबर्टच, रॉथमस्टेडच्या शेती प्रयोगशाळेत 1876 पासून मातीतल्या नायट्रेटच्या मागे लागला. नायट्रेट सूक्ष्मजीव बनवतात हा फ्रेंचांचा निष्कर्ष त्याने पडताळला, उजेडापेक्षा अंधारात हे काम बरं चालतं हे पाहिलं, आणि ते दोन टप्प्यांत होतं हेही दाखवलं: अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट, आणि दोन्हींचे कामगार वेगळे. ते कामगार वेगळे काढण्यात अखेर बाजी मारली सर्गेई विनोग्राड्स्की यांनी, 1890 च्या सुमारास. बापाच्या टाकीच्या तळाशी जे चाललं होतं ते मुलाने शेतात शोधलं. सांडपाण्याच्या इंजिनिअरांनी ते लगेच उचललं. दगडगोट्यांचे थर रचून, ते कित्येक आठवडे मुरू देऊन, त्यांवरून शहराची घाण सोडली जाऊ लागली. दिवाणखान्यातली टाकी मात्र दीर्घकाळ वनस्पती आणि हवेच्या बुडबुड्यांवरच विसंबून राहिली. फिल्टर म्हणजे गाळणं, कापूस आणि कोळसा घातलेली डबी, हाच समज पक्का होता. स्टीफन स्पॉट यांचं जलजीव पाळण्यावरचं पुस्तक 1970 चं. जिवाणूंच्या गाळणीला पाणी राखण्याच्या शास्त्रात मध्यवर्ती जागा अशा पुस्तकांनी दिली, म्हणजे नळीच्या प्रयोगाला नव्वदहून अधिक वर्षं लोटल्यावर.

यावर कोणी म्हणेल की समतोल टाक्या चालत होत्याच की. चालत होत्या, पण कशावर? वॉरिंग्टन यांच्याकडे पंचवीस-तीस लिटर पाण्यात दोन छोटे मासे होते. शिवाय वनस्पती अमोनिया स्वतःही शोषून घेतात, म्हणजे समतोल अगदीच खोटा नव्हता. आज त्याच आकाराच्या टाकीत डझनभर मासे, प्लॅस्टिकचं झाड आणि धुऊन चकचकीत केलेले रंगीत खडे असतात. तिथे सुरुवातीला अमोनिया खाणारं कोणीच नसतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जिवाणूच सगळं करत असतील तर फिल्टर कोणताही चालेल, निवडायचं कशाला? निवडायचं ते यासाठी की या जिवाणूंना चिकटायला जागा आणि सतत प्राणवायू लागतो. छोट्या टाकीला एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर दोन्ही पुरवतो. असंख्य छिद्रं, मंद प्रवाह, पिल्लं ओढली जाण्याची भीती नाही. दर महिन्याला ज्याची कापसाची गादी फेकून नवी घालायची, तो फिल्टर महाग असूनही माझ्या लेखी कमअस्सल, कारण गादीबरोबर वस्तीही कचऱ्यात जाते.

मुरवण्याचंही तसंच. रिकाम्या टाकीत नुसता फिल्टर आठ दिवस फिरवून काहीच मुरत नाही. खायला अमोनिया नसेल तर वस्ती बसणार कुठून? रोज थोडा अमोनिया किंवा चिमूटभर कुजतं खाद्य द्यावं लागतं, आणि साधारण तीन ते सहा आठवड्यांत आधी अमोनिया, मग नायट्राइट शून्यावर येतं. हौशी मंडळी याला ‘टँक सायकल होणं’ म्हणतात. लोणच्याची भाषा मला जास्त जवळची वाटते. घाई असेल तर बाटलीतले जिवाणू मिळतात. त्यांवर पूर्वी सर्रास नायट्रोबॅक्टरचं नाव असे. गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइटचं काम प्रत्यक्षात नायट्रोस्पिरासारखे जिवाणू करतात, हे 1990 च्या दशकात उघड झालं. 2011 मध्ये तर अशा बऱ्याच फिल्टरांत अमोनिया खाणारे आर्किया, म्हणजे जिवाणूंहून निराळेच सूक्ष्मजीव, जास्त संख्येने सापडले. बाटलीवरचं नाव बदलत गेलं, पण निरोगी चालत्या टाकीतला मळका स्पंज नव्या टाकीत पिळला की जे लागेल ते सगळं त्यातून येतं, नाव माहीत असो वा नसो. श्लेसिंग-म्युंट्झ यांच्या मातीच्या पाण्याचाच हा वंशज. आणि त्यांच्या क्लोरोफॉर्मचा वंशजही घराघरांत आहे: रविवारी तोच तपकिरी, गाळाने जड झालेला स्पंज बेसिनमध्ये नळाखाली धरून, क्लोरीनच्या पाण्याने पांढरा होईपर्यंत चोळला जातो, आणि बुधवारपर्यंत मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागतात.