पिप, पाययॅमल आणि हरवलेली यादी

2022 सालची गोष्ट. शुक्रवारची संध्याकाळ, घरी निघायची घाई. ऑफिसच्या सगळ्यांच्या वापरातल्या उबुंटू 20.04 सर्व्हरवर मला पाययॅमलची (यॅमल फायली वाचणारी पायथॉनची लायब्ररी) नवी आवृत्ती हवी होती. पिपला सांगितलं, तर ते अडूनच बसलं. म्हणे आधीची कॉपी डिस्टयुटिल्सने टाकलेली आहे, तिच्या फायली नेमक्या कुठल्या ते कळत नाही, काढली तर अर्धवटच निघेल.

आता टाकलेली वस्तू काढता कशी येत नाही? मी वैतागून 'इग्नोअर इन्स्टॉल्ड' असा पर्याय दिला आणि घरी गेलो.

या अडून बसण्यामागे मोठा इतिहास आहे, तो मी नंतर वाचला. डिस्टयुटिल्स पायथॉनमध्ये आलं 2000 साली. ते फायली नेऊन जागेवर ठेवायचं, पण काय कुठे ठेवलं याची यादी मुद्दाम मागितली तरच लिहायचं. कोण मागतंय! 2004 साली इझी-इन्स्टॉल आलं. नेटवरून लायब्ररी उतरवायची, तिला लागणाऱ्या बाकीच्याही आणायच्या, सगळं एका कमांडमध्ये. काढायची कमांड मात्र नव्हतीच, हाताने डिलीट करा! गंमत म्हणजे डेबियनचं डीपीकेजी नव्वदच्या दशकापासून प्रत्येक पॅकेजच्या फायलींची यादी जपून ठेवत होतं. शेजारच्या घरात हिशोबाची वही होती, आपल्याकडे नव्हती, इतकंच.

2008 साली इयान बिकिंगने पिप लिहिलं. (त्याचंच व्हर्च्युअलएन्व्ह 2007 चं. ती पत्रावळ: जेवा आणि अख्खी फेकून द्या, घासायची भानगड नाही.) 2009 मध्ये तारेक झिआदेने पेप 376 मांडला: प्रत्येक लायब्ररीसोबत 'रेकॉर्ड' नावाची फाइल हवी, तिच्यात प्रत्येक फाइलचा पत्ता, हॅश आणि आकार. पुढे व्हील आलं, त्यातही ही यादी असतेच.

जुन्या, यादी नसलेल्या लायब्रऱ्यांचं काय? पिप आधी त्यांची फक्त नोंद पुसायचं, फायली तशाच. म्हणजे दारावरची पाटी काढली, भाडेकरू आतच! 2018 च्या पिप 10 पासून ते सरळ नकार देऊ लागलं. माझ्यासमोर आला तो हाच नकार.

सोमवारी कळलं, दुसऱ्या टीमची रात्री चालणारी स्क्रिप्ट बंद पडली होती. पाययॅमल 6 मध्ये (2021) 'लोड' करताना लोडर सांगणं सक्तीचं झालं, आणि त्यांच्या कोडमध्ये ते नव्हतं. माझी कॉपी जुनीच्या आड बसली नव्हती, पुढे बसली होती. चूक माझीच. पण ती व्हीलमधून आलेली, तिची यादी होती. पिप अनइन्स्टॉल म्हटल्यावर पिपने काय काय जाणार ते दाखवलं, हो का नाही विचारलं, मी वाय दाबलं आणि मागची जुनी कॉपी पुन्हा दिसू लागली. दहा सेकंदांचं काम. त्या टीमच्या सीनियरला चहा पाजायला मात्र अर्धा तास लागला.

2023 च्या डेबियन 12 पासून पिप सिस्टिमच्या पायथॉनमध्ये काही टाकायलाच नकार देतं. तरी हट्टच असेल तर जो पर्याय द्यावा लागतो, त्याचं नावच 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' आहे. त्या दिवशी हे टाइप करावं लागलं असतं तर मी थांबलो असतो का? शुक्रवार होता हो, काही सांगता येत नाही.