कचरा गेला कुठे?

नोकरीनिमित्त आपण बेंगळुरूत आलो आणि इथलेच झालो. तेव्हा या शहराच्या कचऱ्याचा इतिहासही आपलाच म्हणायला हवा.

ओल्या कचऱ्याचे खत व्हावे म्हणून १९७५ साली येथे कर्नाटक कंपोस्ट विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे शहर वाढले, प्लास्टिक वाढले आणि सारे एकत्र करून गावाबाहेर नेऊन टाकण्याची सवय लागली. उत्तरेकडील मावळ्ळीपुरा ग्रामस्थांच्या विरोधानंतर २०१२ मध्ये तेथील कचरा डेपो बंद झाला. शहरात जागोजागी ढीग साचले. मग भार पडला पूर्वेकडील मंडूरवर. दुर्गंधी, माश्या आणि दूषित पाणी यांना कंटाळून तेथील लोकही रस्त्यावर उतरले. २०१४ च्या अखेरीस तेथेही कचरा टाकणे थांबले. डिसेंबर २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने घरातच वर्गीकरण करण्याचा आदेश दिला: दोन बादल्या, एक पिशवी.

आम्हा रेल्वेवाल्यांना हे नवीन नसावे. भंगार निवडून ठेवले तरच लिलावात भाव येतो. तरीही माझ्या घरी कित्येक वर्षे एकच बादली होती. आता भाजीची देठे व चहाचा चोथा बाल्कनीतल्या माठात जातो. त्याच खतावर तुळस वाढते.

बाप्पाला वाहिलेली फुले कुणाच्या गावात कुजत पडू नयेत. यंदा निर्माल्यातील दोरा व प्लास्टिक घरीच काढून मंडपात आणावे, ही सर्वांना नम्र विनंती.