ई-मेलमधील सहपत्रांचे विलगीकरण : एका सीमारेषेचा इतिहास

ई-मेलसोबत आलेली सहपत्रे एखादी स्क्रिप्ट मनुष्याच्या साहाय्यावाचून वेगळी काढते व नेमल्या जागी साठविते, तेव्हा ते कर्तृत्व त्या स्क्रिप्टचेच होय, असा समज होतो. वस्तुतः पत्र कोठे संपते व सहपत्र कोठे सुरू होते हे सांगण्याचे दायित्व प्रेषकाच्या यंत्रणेने स्वीकारले, म्हणूनच हे कार्य भरवशाचे झाले.

आरंभीची ई-मेल सात बिटांच्या अक्षरांपुरतीच होती. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली सिद्ध केलेल्या टपालवहनाच्या संकेतानेही ती मर्यादा कायम ठेवली. चित्र पाठवावयाचे तर त्यास साध्या अक्षरांचा वेष चढविणे प्राप्त होते. बर्कले येथे मेरी ॲन हॉर्टन यांनी १९८० मध्ये रचलेली 'यूयूएन्कोड' ही आज्ञावली तीन बाइटांची चार अक्षरे करी; आरंभी 'बिगिन' हा शब्द व फाइलीचे नाव, अखेरीस 'एंड'. विलग करणारी आज्ञावली हाच शब्द हुडकीत असे. परंतु तो गद्यातही यावयाचाच! पुढे एका लोकप्रिय टपालवाचकाने 'बिगिन' व दोन रिकाम्या जागा यांनी आरंभ होणारी साधी ओळदेखील सहपत्राची खूण मानली, आणि पुढचा मजकूर पत्रातून नाहीसा झाला.

नॅथॅनिएल बोरेनस्टीन व नेड फ्रीड यांनी जून १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'माइम' संकेताने हा अंदाजाचा व्यवहार संपविला. मजकुरात अन्यत्र न आढळणारी एक अक्षरमाला सीमारेषा म्हणून शीर्षभागातच घोषित करावयाची व प्रत्येक भागाचा प्रकार नोंदवावयाचा, ही ती व्यवस्था. आज पायथॉनमधील दहाबारा ओळींची स्क्रिप्ट पुरते ती यामुळेच.

नावाचा प्रश्न मात्र बिकट राहिला. फाइलीचे नाव प्रेषक ठरवितो; ते जसेच्या तसे स्वीकारल्यास ग्राहकाची जुनी फाइल पुसली जाण्याचा धोका असतो, असा इशारा १९९५ च्या पूरक संकेतातच दिलेला आहे. देवनागरी नावांसारख्या अन्य लिपींतील नावांची सोय १९९७ मध्ये झाली.

इतिहासाच्या अभ्यासकास याहून मोठी हानी निराळीच वाटेल. साठविलेल्या फाइलीत प्रेषक, तारीख व मूळ पत्र यांचा मागमूस उरतोच असे नाही. आणि 'अहवाल' नावाची दोन सहपत्रे आली की दुसरे पहिल्यावर लिहिले जाते. यास्तव दक्ष स्क्रिप्ट-लेखक प्रत्येक ई-मेलच्या शीर्षभागातील ओळखक्रमांक सहपत्राच्या नावाशेजारी नोंदवून ठेवतात.