दुर्बीण, गोळी आणि सहा महिने

लघवी तुंबलेला म्हातारा माणूस अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात येवो की मुंबईच्या, प्रोस्टेट ग्रंथीचा टीबी आहे हे बहुधा कुणाच्या डोक्यातही नसतं. ग्रंथी बोटाला टणक लागते, रक्तातलं पीएसए हे प्रोस्टेटचं प्रथिन वाढलेलं असतं, म्हणजे पहिला संशय कर्करोगाचा. टीबी कळतो तो ग्रंथीचा तुकडा तपासणीला गेल्यावर. कित्येकदा तर दुर्बिणीचं ऑपरेशन उरकल्यानंतर.

दुर्बीण आणि गोळी यांत दुर्बीण वयाने मोठी. माक्स नित्से या जर्मन डॉक्टरने १८७९ साली व्हिएन्नात मूत्राशयात उजेड नेणारी नळी दाखवली. पण त्या नळीतून नुसतं बघता येई. प्रोस्टेट काढायची तर बाहेरून चीर घ्यावी लागे. हिंदुस्थानात लष्करी डॉक्टर म्हणून वर्षं काढलेल्या पीटर फ्रेयरने १९०० साली लंडनमध्ये तेच केलं, आणि श्रेयावरून भांडणही ओढवून घेतलं. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टर्नने नळीत विजेची तार बसवली. त्या तारेने मूत्रमार्गातूनच ग्रंथी खरवडता येऊ लागली.

क्षयावर मात्र तोवर औषध नव्हतं. जंतू कॉखने १८८२ मध्येच दाखवला होता, तरी लघवीच्या वाटेवरच्या क्षयाला सर्जनकडे एकच उत्तर होतं: सडलेला अवयव काढून टाका. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये हाती आलं (श्रेयाचं भांडण इथेही, थेट कोर्टापर्यंत), आयसोनियाझिड १९५२ मध्ये, पुढे रिफॅम्पिसिन. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या प्रयोगाने तर सिद्ध केलं की फुप्फुसाचा क्षयरोगी घरी राहून औषध घेऊनही सॅनेटोरियममधल्या रोग्याइतकाच बरा होतो. माझ्या लेखी आजच्या उपचाराच्या कुळातला सगळ्यात मोठा पूर्वज हा प्रयोग.

औषधं आली तशी दुर्बीण दुय्यम झाली. आता मुख्य इलाज गोळ्यांचा: साधारणपणे दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. ग्रंथीत पू साचला तर सोनोग्राफीत बघून सुईने ओढतात, किंवा दुर्बिणीने गळूचं तोंड मूत्रमार्गात उघडतात. लघवीची वाट अडली तर ती मोकळी करतात.

बीडमध्ये घोडं अडतं ते या सहा महिन्यांवर. दसरा-दिवाळीनंतर कोयता, म्हणजे ऊसतोड करणारी नवरा-बायकोची जोडी, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातो आणि साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे पाच-सहा महिने, फडातच राहतो. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीत नाव असेल तर सरकारी गोळ्या तिकडच्या केंद्रातही फुकट मिळतात. पण केंद्रात जायचं तर दिवस मोडतो, आणि मुकादम खाडा लावतो.